मांगाच्या पानांतून जपान वाचणारा अमेरिकी विद्यार्थी

टोकियोतील कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात २४ मार्च १९७० रोजी एक अंत्यविधी पार पडला. बौद्ध पद्धतीने मंत्रपठण झाले आणि सुमारे सातशे लोकांनी दिवंगताला आदरांजली वाहिली. मात्र ज्याच्यासाठी हा विधी होता, तो तोरू रिकिइशी नावाचा मुष्टियोद्धा कधी जन्मालाच आलेला नव्हता. ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या ‘अशिता नो जो’, म्हणजेच ‘उद्याचा जो’, या चित्रकथेतील तो नायकाचा प्रतिस्पर्धी. त्याचा मृत्यू वाचकांच्या इतका जिव्हारी लागला, की कवी व नाटककार शूजी तेरायामा यांच्या पुढाकाराने त्याचा अंत्यविधी करण्यात आला. त्यानंतर आठवडाभरातच, ३१ मार्च रोजी, जहाल डाव्या गटाच्या नऊ तरुणांनी जपानचे एक प्रवासी विमान पळवून उत्तर कोरियाला नेले. आपण म्हणजे ‘उद्याचा जो’ आहोत, असे त्यांनी आपल्या निवेदनात म्हटले होते.

चित्रकथेतील एका पात्रासाठी शोक करणारा आणि दुसऱ्या पात्राच्या नावाने बंडाची भाषा बोलणारा हा समाज बाहेरच्या माणसाला कोड्यात टाकणारा होता. त्याच वर्षी विशीतला एक अमेरिकी विद्यार्थी जपानी भाषा शिकण्यासाठी टोकियोत दाखल झाला. त्याचे नाव फ्रेडरिक शॉट. पाठ्यपुस्तके, अभिजात काव्य आणि मंदिरे यांच्यापलीकडे जाऊन त्याने जपानचा सामान्य माणूस रोज काय वाचतो, हे पाहायचे ठरविले. जपानची चित्रकथा, अर्थात ‘मांगा’, इंग्रजी वाचकांच्या जगात पोहोचविणाऱ्यांमध्ये शॉट यांचे नाव आज अग्रक्रमाने घेतले जाते.

परराष्ट्र सेवेतील घर

शॉट यांचा जन्म १९५० मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. वडील अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत असल्याने त्यांचे बालपण नॉर्वे, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेले. १९६५ मध्ये हे कुटुंब जपानला आले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. १९६८ मध्ये टोकियोच्या परिसरातील अमेरिकन शाळेतून शालेय शिक्षण पूर्ण करून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत दाखल झाले.

परदेशी अधिकाऱ्यांची मुले बहुधा आपल्याच देशाच्या शाळेत शिकतात, आपल्याच भाषेत बोलतात आणि बदलीचा हुकूम आला की निघून जातात. ज्या देशात वर्षे काढली, त्याची भाषा अनेकदा कानावरून जाते, पण जिभेवर बसत नाही. शॉट मात्र १९७० मध्ये पुन्हा जपानला आले, ते केवळ भाषा शिकण्यासाठी. टोकियोच्या मिताका उपनगरातील इंटरनॅशनल ख्रिश्चन विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाकाजिमा या विमाननिर्मिती कंपनीचे संशोधन केंद्र जेथे होते, त्याच जागेवर युद्धानंतर हे विद्यापीठ उभे राहिले. जपानी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत तेथे अध्यापन चालत असे.

एका हातात वैचारिक साप्ताहिक, दुसऱ्या हातात मांगा

शॉट यांनी पाहिलेला जपान अनेक अर्थांनी उलथापालथीतून जात होता. विद्यापीठांतील विद्यार्थी आंदोलने नुकतीच शमत होती. ओसाका येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने देश आपली आर्थिक भरारी जगाला दाखवीत होता. त्या काळातील विद्यार्थ्यांचे वर्णन करताना एक वाक्प्रचार वापरला जाई. उजव्या हातात ‘असाही जर्नल’ आणि डाव्या हातात ‘शोनेन मॅगझिन’! पहिले गंभीर वैचारिक साप्ताहिक, तर दुसरे मुलांसाठी निघालेले चित्रकथांचे साप्ताहिक. पदवीच्या वर्गात बसणारा तरुण लहान मुलांचे साप्ताहिक उघडपणे वाचतो, याचे जपानमधील वडीलधाऱ्यांनाही नवल वाटत होते.

अमेरिकी तरुणाला तर ते अधिकच नवलाचे. १९५४ मध्ये अमेरिकेतील चित्रकथा प्रकाशकांनी जनक्षोभाच्या भीतीने स्वतःवरच कडक आचारसंहिता लादून घेतली होती. गुन्हेगारी, भय आणि प्रौढ विषय यांना त्यामुळे बाजारातून जवळपास हद्दपार व्हावे लागले. चित्रकथा म्हणजे बालवाङ्मय, हे समीकरण तेथे पक्के झाले. साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील काही बंडखोर चित्रकारांनी या चौकटीला धक्का दिला, परंतु तो मुख्य प्रवाहाबाहेरून.

जपानमध्येही चित्रकथांविरुद्ध मोहिमा झाल्याच. १९५५ च्या सुमारास ‘वाईट पुस्तके हटवा’ अशी चळवळ पालक व शिक्षकांच्या संघटनांनी चालविली होती. तरीही ही कला कोमेजली नाही. १७ मार्च १९५९ रोजी ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिके एकाच दिवशी बाजारात आली. ती वाचत मोठी झालेली पिढी विद्यापीठात पोहोचली, तेव्हा चित्रकथाही तिच्याबरोबर वयात आली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘गारो’ या मासिकात सान्पेई शिरातो यांच्यासारखा चित्रकार सरंजामी जपानमधील शेतकऱ्यांच्या उठावांची कथा सांगत होता. १९७२ मध्ये रियोको इकेदा यांनी मुलींच्या साप्ताहिकात फ्रेंच राज्यक्रांतीवर ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रकथा सुरू केली. १९७३ मध्ये केइजी नाकाझावा यांनी हिरोशिमाच्या अणुसंहाराचे स्वतःचे अनुभव ‘हादाशी नो गेन’ या चित्रकथेत मांडण्यास प्रारंभ केला. इतिहास, राजकारण, प्रेम, क्रीडा, मृत्यू असा कोणताही विषय या माध्यमाला वर्ज्य उरला नव्हता.

पाठ्यपुस्तकाबाहेरची भाषा

जपानी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यापुढील सर्वांत मोठा डोंगर म्हणजे तिची लिपी. दैनंदिन वापरासाठी त्या काळी शासनाने निश्चित केलेल्या चिनी चित्रलिपीतील अक्षरांची संख्या १८५० होती. आजच्या अधिकृत यादीत ती २१३६ आहे. यांपैकी बहुतेक अक्षरांचे एकाहून अधिक उच्चार असतात. शब्दकोशात असे अक्षर शोधायचे तर त्याचे घटक ओळखावे लागतात, रेघा मोजाव्या लागतात. एका परिच्छेदासाठी तास खर्ची पडला, तरी वाचनाचा आनंद मिळेलच असे नाही.

मुलांच्या चित्रकथांत या अडचणीवर एक उतारा आयताच असतो. प्रत्येक अवघड अक्षराच्या शेजारी बारीक टाइपात त्याचा उच्चार उच्चारानुसारी लिपीत छापलेला असतो. त्याला ‘फुरिगाना’ म्हणतात. तो जपानी बालकांसाठी असला, तरी परदेशी विद्यार्थ्यालाही तितकाच उपयोगी पडतो. शिवाय प्रसंग चित्रात दिसत असल्याने संवादाचा रोख कळतो. वर्गात शिकविली जाणारी सभ्य, नेमस्त जपानी आणि घरात, गल्लीत, भांडणात बोलली जाणारी जपानी यांत मोठे अंतर असते. मित्राशी, वरिष्ठाशी, अनोळखी व्यक्तीशी बोलताना क्रियापदे बदलतात, सर्वनामे बदलतात. ‘मी’ या एका शब्दासाठी जपानीत अनेक शब्द आहेत आणि कोण कोणता वापरतो, यावरून त्याचे वय, स्वभाव व सामाजिक स्थान कळते. हे व्याकरणाच्या पुस्तकात नियम म्हणून असते, तर चित्रकथेत माणसांच्या तोंडी जिवंत होऊन येते.

ध्वनिवाचक शब्दांचेही तसेच. मराठीत जसे ‘कडकड’, ‘रिमझिम’, ‘लखलख’ असे शब्द भाषेला नाद देतात, तसे जपानीतही विपुल आहेत. निःशब्द शांततेसाठीदेखील तेथे ‘शीऽऽन’ असा शब्द असून चित्रकथांच्या पानांवर तो मोठ्या अक्षरांत रेखाटलेला दिसतो. मराठी वाचकाला हे चटकन उमगावे, परंतु इंग्रजीत आणताना अनुवादकाची त्रेधा उडते.

सहाध्यायी जे वाचत होते, ते शॉटही वाचू लागले आणि त्यांचे वाचन भाषेच्या सरावापुरते उरले नाही. त्यांना सर्वाधिक भारून टाकले ते ओसामू तेझुका यांच्या ‘हि नो तोरी’ने, म्हणजेच ‘फिनिक्स’ने.

‘फिनिक्स’ची पंचवीस वर्षे

तेझुका (१९२८–१९८९) यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले होते, परंतु आयुष्य वाहिले ते चित्रकथेला. लाखाहून अधिक पाने त्यांनी रेखाटली. त्यांचा यंत्रबालक ‘अ‍ॅटम’ १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर झळकला आणि त्याच वर्षी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने अमेरिकेतही पोहोचला. ‘फिनिक्स’ मात्र निराळ्याच पातळीवरची कृती. ज्याचे रक्त प्याल्याने अमरत्व मिळते असा अग्निपक्षी आणि त्याच्यामागे धावणारी मर्त्य माणसे, हे तिचे सूत्र. एक भाग प्राचीन जपानमध्ये, तर दुसरा दूरच्या भविष्यात, अशा रीतीने दोन्ही टोकांकडून ही कथा वर्तमानाकडे सरकत जाते. जन्म-मरणाच्या चक्राचे त्यातील चिंतन बौद्ध विचाराशी नाते सांगणारे आहे. तेझुका यांच्या निधनामुळे ती अपूर्ण राहिली.

१९७२ मध्ये अमेरिकेत पदवी घेतल्यानंतर शॉट यांनी काही काळ जपानी पर्यटकांचा मार्गदर्शक म्हणून आणि दुभाषा म्हणून काम केले. १९७५ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळाल्याने ते पुन्हा त्याच विद्यापीठात परतले. या वेळी विषय होता अनुवाद आणि दुभाषेगिरी. १९७७ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करून ते टोकियोतील एका अनुवाद संस्थेत रुजू झाले. त्याच सुमारास जॅरेड कुक हे अमेरिकी आणि शिंजी साकामोतो व मिदोरी उएदा हे जपानी सहकारी यांच्यासह त्यांनी ‘दादाकाई’ नावाचा छोटा गट स्थापन केला. जपानी चित्रकथा इंग्रजीत आणणे हे या गटाचे उद्दिष्ट. चौघांनी तेझुका यांच्या संस्थेशी संपर्क साधला, अनुमती मिळविली आणि ‘फिनिक्स’च्या पहिल्या पाच खंडांचा अनुवाद पूर्ण केला.

त्यासाठी प्रकाशक मात्र नव्हता. अमेरिकेत शेकडो पानांची, काळ्या-पांढऱ्या रंगांतील, तत्त्वचिंतनपर चित्रकथा विकत घेणारा वाचक आहे, हे कोणालाच पटणारे नव्हते. तांत्रिक अडचणीही कमी नव्हत्या. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते, तेव्हा पाने आरशातल्याप्रमाणे उलटी छापावी लागत आणि मग उजव्या हाताने तलवार चालविणारा सामुराई डावखुरा होई. जपानी मजकूर उभा असल्याने संवादाचे फुगे उंच व अरुंद असतात, त्यांत इंग्रजीच्या आडव्या ओळी बसविणे म्हणजे कसरतच. अनुवादाची हस्तलिखिते तेझुका यांच्या संस्थेत पडून राहिली. अमेरिकेत ‘फिनिक्स’ पुस्तकरूपाने येऊ लागले ते २००२ पासून. शॉट आणि कुक यांनी उर्वरित खंडांचाही अनुवाद केला आणि २००८ मध्ये ही मालिका पूर्ण झाली. तोवर तेझुका यांच्या निधनाला जवळपास दोन दशके लोटली होती.

आधी वाचक घडविणारे पुस्तक

अनुवाद छापला जात नाही, तर तो छापावा असे वाटणारा वाचकच आधी तयार करावा लागेल. शॉट यांच्या पुढील कामाची दिशा हीच होती. १९७८ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला परतले आणि मुक्त अनुवादक, दुभाषा व लेखक म्हणून काम करू लागले. १९८३ मध्ये त्यांचे ‘मांगा! मांगा!’ हे पुस्तक कोदान्शाच्या इंग्रजी शाखेने प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना तेझुका यांची होती. मध्ययुगीन चित्रगुंडाळ्यांपासून आधुनिक साप्ताहिकांपर्यंतचा इतिहास, चित्रकारांचे कष्टप्रद जीवन, प्रकाशन व्यवसायाचे अर्थकारण, मुलांच्या व मुलींच्या चित्रकथांतील भेद अशा सर्व अंगांचा परामर्श त्यात घेतलेला आहे. पुस्तकाच्या अखेरीस चार चित्रकथांतील उतारे इंग्रजी अनुवादासह दिले आहेत. ‘फिनिक्स’, लेइजी मात्सुमोतो यांची युद्धकथा, ‘व्हर्सायचा गुलाब’ आणि ‘हादाशी नो गेन’ या त्या चार कृती.

यांतील शेवटच्या निवडीचे महत्त्व विशेष आहे. नाकाझावा हे हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्यांनी त्या दिवशी गमावले. ज्या देशाने तो बॉम्ब टाकला, त्या देशाच्या सरकारी सेवेतील अधिकाऱ्याचा मुलगा ही कथा आपल्या देशबांधवांपुढे त्यांच्याच भाषेत ठेवीत होता. लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यास म्हणजे रंगीबेरंगी करमणुकीची सफर, या समजुतीला छेद देणारी ही बाब आहे. शेजाऱ्याचे हलकेफुलके वाचन मनापासून वाचू लागले, की त्याचे दुःखही वाचावे लागते.

पुढच्या काळात चित्र पालटले. १९८७ मध्ये अमेरिकेत जपानी चित्रकथांचे नियमित प्रकाशन सुरू झाले. १९९५ मध्ये ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजार प्रतींवर पोहोचला. त्या वर्षी जपानमध्ये खपलेल्या सर्व पुस्तके व नियतकालिकांच्या प्रतींत चित्रकथांचा वाटा सुमारे ४० टक्के होता. १९९६ मध्ये शॉट यांनी ‘ड्रीमलँड जपान’ या पुस्तकातून याच विषयाचा पुढील आलेख मांडला. ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ आणि ‘घोस्ट इन द शेल’ यांसारख्या गाजलेल्या कृतींच्या इंग्रजी अनुवादांतही त्यांचा वाटा आहे. तेझुका यांच्या अमेरिका भेटींत दुभाषा म्हणून ते अनेकदा सोबत असत. २००० मध्ये असाही शिम्बून वृत्तपत्राच्या तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कारांतील विशेष पुरस्कार, २००९ मध्ये जपान सरकारचा ‘ऑर्डर ऑफ द रायझिंग सन’ हा सन्मान आणि २०१७ मध्ये जपान फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना लाभला.

उलट दिशेने गेलेला विद्यार्थी

शॉट यांच्या कामातील एक प्रकरण या साऱ्या प्रवासाचे प्रतिबिंब ठरावे असे आहे. १९८० मध्ये बर्कली येथील विद्यापीठाच्या पूर्व आशियाई ग्रंथालयात त्यांच्या हाती एक जुने पुस्तक लागले. योशिताका कियामा हा जपानी तरुण विसाव्या शतकाच्या प्रारंभी चित्रकला शिकण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला आला होता. तेथे त्याने हेन्री हे नाव धारण केले. चार जपानी तरुणांची घरकामे, फसलेले व्यवसाय, १९०६ चा भूकंप आणि जपान्यांविरुद्धचे कायदे या सर्वांची विनोदी पण बोचरी चित्रकथा त्याने रेखाटली आणि १९३१ मध्ये स्वतःच प्रकाशित केली. पात्रांचे संवाद अर्धे जपानीत, अर्धे मोडक्यातोडक्या इंग्रजीत. दोन्ही भाषा जाणणाऱ्या स्थलांतरितांसाठीच ती लिहिलेली असल्याने पुढे ती विस्मृतीत गेली.

शॉट यांनी तिचा इंग्रजी अनुवाद नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केला. अनुवादात त्यांनी एक युक्ती योजली. जपानीतील संवाद सफाईदार इंग्रजीत आले, तर मूळचे इंग्रजी संवाद त्यांच्या मोडक्या रूपातच ठेवले गेले. त्यामुळे आपसांत हुशारीने बोलणारे हे तरुण गोऱ्या मालकासमोर उभे राहताच बावळट कसे भासतात, हे वाचकाला आपोआप दिसते. परक्या देशात भाषेवाचून माणसाची किंमत कशी घटते, याचे एवढे नेमके दर्शन क्वचितच घडते. जपानमध्ये शिकायला गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्याने अमेरिकेत शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्याची अशी दखल घेतली.

मागून आलेल्या पिढ्या

शॉट १९७० मध्ये टोकियोला आले, तेव्हा मांगासाठी जपानी शिकणारा परदेशी विद्यार्थी ही दुर्मीळ गोष्ट होती. पुढे ती सर्वसामान्य झाली. १९८७ मध्ये जपान सरकारने परदेशी पदवीधरांना शाळांतून इंग्रजी अध्यापनासाठी बोलावण्याची ‘जेट’ योजना सुरू केली, त्यातून हजारो अमेरिकी तरुण जपानच्या लहान गावांतही राहून आले. १९९८ मध्ये ‘पोकेमॉन’ अमेरिकेत पोहोचला आणि २००३ मध्ये हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळाले. २००६ मध्ये क्योतोत एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय उघडले. ज्या चित्रकथांवर एकेकाळी शाळांतूनच बहिष्कार पुकारला गेला, त्यांना शाळेच्याच इमारतीत सन्मानाचे स्थान मिळाले. २००८ मध्ये तर परराष्ट्र मंत्रालयाने ‘डोरेमॉन’ची सांस्कृतिक दूत म्हणून नियुक्ती केली.

या सुगीची दुसरी बाजूही आहे. अनुवाद सहज उपलब्ध झाल्यावर भाषा शिकण्याची निकड उरत नाही. अकिहाबाराच्या दुकानांतून फिरलेला तरुण जपान पाहून आल्याचे समाधान मानू शकतो. तेथील म्हातारी माणसे, गावे, कामगार, युद्धाची आठवण यांच्याशी त्याची गाठ पडेलच असे नाही. शॉट यांची वाटचाल वेगळी ठरते ती येथे. त्यांनी यंत्रमानवांवर लिहिले, जपान-अमेरिका संबंधांवर लिहिले, एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या रॅनल्ड मॅकडोनाल्ड यांचे चरित्र लिहिले. मांगाच्या दारातून आत शिरल्यावर ते उंबरठ्यावर थांबले नाहीत.

महाराष्ट्राशी असलेला धागा

‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ भारतीय घरांत २००५-०६ च्या सुमारास दूरचित्रवाणीवरून आले. ‘उद्याचा जो’चे लेखक इक्की काजिवारा यांच्याच ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलवरील चित्रकथेचे भारतीय रूपांतर डिसेंबर २०१२ मध्ये ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावाने प्रसारित झाले. त्यात बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले आणि नायक मुंबईच्या गरीब वस्तीतील मुलगा झाला. जपानी भाषेच्या अध्ययनाचे देशातील एक प्रमुख केंद्र म्हणून पुण्याची ओळख आहे. तेथील वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही चित्रलिपीचा तोच डोंगर चढावा लागतो.

त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शॉट यांच्या अनुभवात एक व्यावहारिक बोध आहे. आवडीची चित्रकथा मूळ जपानीत हाती घ्यावी, फुरिगानाचा आधार घेत ती संपवावी आणि ती संपल्यावर तेवढ्यावर थांबू नये. ‘फिनिक्स’ वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपला अनुवाद छापला जाण्यासाठी पंचवीस वर्षे वाट पाहिली. त्या दरम्यान त्याने जे केले, त्यातूनच अनुवादाला वाचक मिळाले.